सेकंदाला दोन हजार एमबी

वस्तू कशी निवडावी हे बडोद्यात माझ्याइतकं कोणाला कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाजव्याकडच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट खात्यात बत्तीस वर्षं काढली आहेत मी. तिथे साधा व्हॉल्व्ह घ्यायचा तरी आधी स्पेसिफिकेशन, मग तीन कोटेशनं, मग तुलनेचा तक्ता आणि मग कमिटी! निवृत्त झाल्यावर कमिटी गेली, पण तक्ता राहिला. घरातला मिक्सर, गादी, खोबऱ्याची किसणी, सगळं मी तक्ता करून घेतलं आहे. किसणीला सव्वा महिना लागला आणि तोवर बायको शेजारणीची किसणी मागून आणत होती, पण ते सोडून द्या.

तर या वेळी विषय होता, घरी व्हिडिओ एडिटिंग करण्यासाठी वेगवान डिस्क घेण्याचा. निमित्त होते आमचे सासरे, बापू. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत त्यांनी साठ वर्षं घड्याळं दुरुस्त केली. येत्या कोजागरीला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्या कार्यक्रमासाठी त्यांच्या आयुष्यावर एक सिनेमा बनवण्याचं मी सगळ्यांसमोर जाहीर करून बसलो होतो. घरात जुन्या कॅमेऱ्याच्या कॅसेटा सापडल्या होत्या. त्या मी एका दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. त्यांत सासूबाई होत्या, चालत्या-बोलत्या. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. फोटो भिंतीवर आहे, पण आवाज फक्त त्या कॅसेटांत होता आणि बापूंनी तो तेव्हापासून ऐकला नव्हता.

निरुपमा, म्हणजे आमची बायको, एवढंच म्हणाली, "बाकी काय वाट्टेल ते करा, आईचा आवाज तेवढा सांभाळा."

अडचण अशी होती की जुन्या डिस्कवर एडिटिंग पुढे सरकेना. सासूबाई कढईत पुरी सोडायच्या आणि पुरी हवेतच थांबायची. मी चहा पिऊन आलो तरी ती तेलात पडलेली नसायची! म्हणून तक्ता केला. अकरा डिस्का, सतरा रकाने. वेग, तापमान, किती उंचीवरून पडली तर चालेल, केबलची लांबी.

"ही सेकंदाला हजार एमबी, आणि ही दोन हजार," मी निरुपमाला दाखवलं.

"म्हणजे तुमचा सिनेमा दुप्पट लवकर होईल?"

"तसं नव्हे. डेटा वाहून नेण्याची क्षमता दुप्पट."

"आणि या तक्त्यात अठरा दिवस गेले, ते कुठे धरायचे?"

त्यासाठी अठरावा रकाना नव्हता.

दुकानदार किरीटभाईंनी मला फक्त एक प्रश्न विचारला. "काका, लॅपटॉप केटला वरस जूनो?"

"नऊ."

"तो आटली स्पीड एने काम नी नथी. नानी लई जाओ ने."

जुन्या लॅपटॉपला एवढा वेग कामाचा नाही, छोटी न्या, म्हणणाऱ्या त्या माणसाला मी दूरदृष्टी या विषयावर दहा मिनिटं समजावलं. मागे रांग वाढत चालली तशी त्यांनी दोन हजारवाली मुकाट्याने पिशवीत घातली. काडेपेटीएवढी वस्तू, पण काय रुबाब! नवरात्राच्या आधीच मी सगळं चित्रण तिच्यावर हलवलं आणि जुनी डिस्क पुसून कोरी केली. आता रिफायनरीत प्रत्येक पंपाशेजारी दुसरा राखीव पंप उभा असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पंप म्हणजे पंप आणि सिनेमा म्हणजे सिनेमा. ती कोरी डिस्क मी शेजारच्या धनाजीरावांना देऊन टाकली. ते सोसायटीच्या गरब्याचं रोज शूटिंग करतात. कॅसेटांना बुरशी आली होती, त्या पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, दिल्या.

मग दसरा आला. रिफायनरीत दर दसऱ्याला कंट्रोल पॅनेलची पूजा माझ्याच हातून व्हायची. तोच शिरस्ता घरी ठेवला आहे. पाटावर स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, मल्टिमीटर मांडले आणि मधोमध नवी डिस्क उभी केली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून.

"अक्षतांना निवडलेले तांदूळ घ्या, त्या डब्यात खिचडीचे आहेत," निरुपमा आतून म्हणाली.

"तांदूळ म्हणजे तांदूळ," मी म्हणालो, आणि गंध, फूल वाहून वर चांगल्या मूठभर अक्षता टाकल्या.

दुपारी डिस्क लॅपटॉपला जोडली. स्क्रीनवर आली. गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. मग जी गेली ती आलीच नाही.

"पूजेआधी चालत होती ना?" निरुपमाने विचारलं.

"पूजेचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा काही संबंध नसतो. शिकलेल्या माणसाने अंधश्रद्धा ठेवू नये," मी सुनावलं आणि बिघाडाच्या संभाव्य कारणांचा तक्ता करायला घेतला. चौदा कारणं निघाली. तीन केबली बदलल्या. लॅपटॉप उघडून पंख्यातली धूळ काढली. मग सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, त्यात दोन दिवस गेले आणि निरुपमाच्या भिशीची यादीही गेली. शेवटी डिस्क घेऊन किरीटभाईंकडे गेलो. त्यांनीही त्यांची केबल लावून पाहिली.

"वॉरंटी छे, काका. नवी आपी देशे."

"आणि आतलं?"

"अंदरनुं नहीं मळे."

मी घरी आलो. निरुपमाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली भाजी खाली ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तसाच धनाजीरावांकडे धावलो. पुसलेल्या डिस्कमधून काही परत मिळतं, असं कुठेतरी वाचलं होतं.

"तुमची डिस्क म्हणजे लाख मोलाची, हेरंबराव!" धनाजीराव म्हणाले. "नऊही रात्रींचा गरबा मावला. थोडी जागा उरली होती, तिथे भाचीचं डोहाळजेवण टाकलं. आता गच्च!"

कोजागरीच्या सकाळी निरुपमा म्हणाली, "बापूंना खरं सांगून टाकू. संध्याकाळी सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आत्ता कळू दे." आम्ही रिक्षाने निघालो. मला माझीच लाज वाटत होती. सासूबाईंनी मला वीस वर्षं पुऱ्या करून घातल्या आणि मी त्यांचा आवाज गरब्याला देऊन टाकला.

बापूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी तक्ताही दाखवला. सवय!

"आणि एवढं काय विशेष हिच्यात?" डिस्क हातात घेत त्यांनी विचारलं.

"फास्ट आहे, बापू."

"फास्ट? माझ्याकडे लोक घड्याळ फास्ट झालं म्हणून दुरुस्तीला आणायचे." त्यांनी डिस्क उलटसुलट केली. "बंद कधी पडली?"

"दसऱ्याला."

"त्या दिवशी काय केलंत हिचं?"

"काही नाही. पूजाच केली फक्त."

बापू उठले. खिडकीशी बसून त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि केबल खुपसतात त्या भोकात पाहिलं. मग बारीक चिमटा घेतला. निरुपमाने माझं मनगट घट्ट धरलं होतं. चिमट्याच्या टोकाला काहीतरी लाल आलं. बापूंनी ते तळहातावर ठेवून माझ्यापुढे केलं.

तांदळाची कणी होती. कुंकू लागलेली.

"अक्षता अखंड घ्याव्यात, हेरंबराव," बापू म्हणाले. "अख्खा दाणा आत शिरलाच नसता."

सतरा रकाने भरणाऱ्या माणसाने तांदळाला तेवढं स्पेसिफिकेशन लावलं नव्हतं.

डिस्क चालू झाली, पण सिनेमा काही झाला नाही. वेळच उरला नव्हता. संध्याकाळी ओवाळणं झाल्यावर मी डिस्क टीव्हीला जोडली आणि जे होतं ते तसंच लावलं. शीर्षक नाही, संगीत नाही. स्वयंपाकघर, कढई, पाठमोऱ्या सासूबाई. त्या वळल्या आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, ते यंत्र ठेवा खाली आणि जेवायला या. पुऱ्या गार होतायत." तेव्हा कॅमेरा बापूंच्याच हातात होता.

"परत लावा," बापू म्हणाले.

चाळीस सेकंदांचा तो तुकडा मी नऊ वेळा लावला. नवव्या वेळी सासूबाईंनी हाक मारल्यावर बापू टीव्हीकडे बघून हळूच म्हणाले, "आलो." मग खुर्चीतून उठले, डोळे पुसले आणि निरुपमाला विचारलं, "आज पुऱ्या केल्यात ना?"

आता तो तुकडा बापूंच्या टीव्हीच्या मागे कायम लावलेला असतो, आमच्या दंतवैद्याने नववर्षाला फुकट वाटलेल्या पेन ड्राइव्हवर. अजिबात अडकत नाही. त्याच्या तीन प्रती निरुपमाने तीन नातेवाइकांकडे ठेवल्या आहेत. माझ्याकडे एकही नाही.

दोन हजारवाली डिस्क दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी पुन्हा पाटावर ठेवली. निरुपमाने तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावली आणि उरलेला तुकडा पदराला चिकटवून ठेवला.

"तो कशाला?" मी विचारलं.

"पाहुणे येणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही तक्ता काढलात की लागेल."