पुष्पाकाकी आणि हप्त्याचा विमा

आमच्या नरपडच्या पुष्पाकाकीकडून पापलेट घ्यायचं तर आधी त्याचे कल्ले बघावे लागतात. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, काकी अंगठ्याने कल्ला उघडून त्याच्या नाकासमोर धरणारच. "लाल हाय ना? तोंडानं बोल!" त्याने 'लाल' म्हटल्याशिवाय मासा पिशवीत पडत नाही. एकदा मुंबईच्या एका बाईंनी डोळे मिटूनच 'लाल, लाल' म्हटलं. काकीने पैसे परत केले. "बघितलंस कुठं? फिका पडलाय तो, कालचा हाय!"

अशी ही बाई डहाणूला आमच्या कर्जकचेरीत आली आणि एकही कागद न बघता सह्या करून गेली. कारण सह्या घेणारा मी होतो, शेजारचा संजू. तिला बोटीच्या इंजिनासाठी कर्ज हवं होतं. मी त्याला हप्त्याचा विमा चिकटवला. "काकी, याच्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. काका अंथरुणाला खिळले, तर हप्ते विमा भरेल." पहिलं वाक्य धडधडीत खोटं. दुसरं फक्त पगारदारांपुरतं खरं, आणि काकांना कसला पगार? मला टार्गेट पुरं करायचं होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

मग काका बोटीवर घसरले, पाय मोडला. विम्याने हात वर केले. हप्ते थकले आणि इंजिन उचलून नेण्याची नोटीस आली.

काकी बाजारातून तशीच, टोपलीसकट, साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. एसीत बोंबलांचा वास कोंडला. मी दाराशी उभा. "इमा हाय, मग नोटीस कशापायी?" तिने विचारलं. साहेब रुमालाआडून म्हणाले, "चुकीचं सांगून विमा विकला असेल, तर त्याचे पैसे कर्जात वळते करू, नोटीसही थांबवू. पण कोणी विकला त्याचं नाव लेखी द्या. त्याला घरी बसवतो."



काकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी काय सांगितलं नाय. मीच इचारलं नाय."

"मग इंजिन जाईल."

"जाऊ दे."

एका पापलेटापायी गिऱ्हाईकाशी भांडणारी बाई अख्ख्या इंजिनावर पाणी सोडत होती. मला राहवेना. "साहेब, मीच विकला."

"गप रं!" काकी कडाडली. "साहेब, ह्याचं ऐकू नका. हा ल्हानपणापासून असाच, दुसऱ्याची खोडी आपल्या अंगावर घेतो!"

साहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. काकी तणतणत बाहेर गेली. मी सगळं लिहून दिलं.

बाहेर आलो तर ती पायरीवर बसलेली. "काकी, नोटीस थांबली. इंजिन राहिलं," मी म्हणालो. आता शिव्या ऐकायची माझी तयारी होती.

"इंजिनाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझी नोकरी रायली का?"

मी 'नाही' म्हटलं, तेव्हा कुठे ती रडली.