एका कर्ण्याची आणि सात हाकांची हकीकत

नादब्रह्मास नमन करून लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, तिसरा प्रहर, ते समयी संगणक नामे आमचे राज्यात जे घडले ते ऐसे. राज्य मेजाएवढे. आवाज बाहेर न्यावयास कर्णा एकच, ज्यास लोक स्पीकर म्हणतात. आवाज करणारे सरदार, ज्यांस लोक ॲप म्हणतात, मात्र पुष्कळ. सबब कायदा असा की, कर्ण्यास कोणी परस्पर हात लावू नये, आपला आवाज नादकारभारी त्रिंबकपंत यांजकडे द्यावा आणि पंतांनी सर्वांचे आवाज एकत्र करून कर्ण्यातून सोडावे. मी पंतांचे पदरचा कारकून, काय वाजले ते लिहिणारा. राज्याची धनीण वेणूताई. त्यांचे वडील आप्पा आजारी, शेजारीच पलंगावर, नाकाशी प्राणवायूची नळी आणि बोटास यंत्र. श्वास उतरला की यंत्र सखोपंत इशारेकरांस कळवी आणि मग सखोपंतांची हाक कर्ण्यातून जाई आणि ताई स्वयंपाकघरातून धावत येत. म्हाताऱ्याचा जीव त्या हाकेवर.

ते दिवशी ताईंनी आप्पांसाठी जुने नाट्यपद लावले. ती पदे दर्याजीराव सरदारांपाशी, आणि राव कायद्याहून जुने. पंतांस विचारण्याची त्यांस सवयच नाही. पंतांची खोड अशी की, जरा काम नसले की कर्णा सोडून स्वस्थ बसत. मग काय विचारता, रावांनी मोकळा कर्णा उचलला आणि आपलाच करून टाकिला. इतक्यात आप्पांची नळी सरकली आणि सखोपंत धापा टाकीत आले. म्हणाले, "पंत, हाक घ्या. श्वास उतरतो आहे." पंतांनी रावांस कर्णा मागितला. राव म्हणाले, "पद संपल्यावर बघू. आम्ही कुणाचे ताबेदार नाही." मग पंतांनी रिवाजाप्रमाणे केले. दप्तरात एक पोकळ कर्णा असे, ज्याचे तोंड कोठेच उघडत नाही. खरा कर्णा नसता हाक त्यात घालावी, म्हणजे कोणाचे काम अडत नाही. तसे करून मजला म्हणाले, "वाजले म्हणून लिही." मी म्हणालो, "पंत, बाहेर काहीच गेले नाही हो." म्हणाले, "आपणाकडून वाजले ना? लिही." मी लिहिले. सखोपंत लेख पाहून माघारी गेले आणि श्वास चढेना म्हणून पुन्हा आले, आणि पुन्हा. ऐसे सात वेळा. बाहेर म्हाताऱ्याचे ओठ काळेनिळे पडत होते आणि नाट्यपद रंगात आले होते.

मग ताई पेज घ्याल का विचारावयास सहज आत आल्या आणि पाहताच हातातले भांडे टाकून त्यांनी नळी बसविली. फार वेळाने श्वास वर आला. मग ताईंनी माझे दप्तर उघडिले. वाचून आप्पांकडे वळल्या. म्हणाल्या, "आप्पा, सात वेळा वाजलं हो. मी दहा पावलांवर होते, आणि मला ऐकूच आलं नाही." आप्पा हळूच म्हणाले, "मलाही नाही आलं गं. वाजलंच नसेल." ताई म्हणाल्या, "असं कसं? लिहिलंय ना इथं."

तात्पर्य, आप्पा वाचले. कायदा होता तोच आहे. ताई आता पलंगापासून हलत नाहीत, डोळा लागू देत नाहीत आणि आपलेच कानांस दोष देतात. मी लिहिलेले खोडण्याचा अधिकार मजला नाही.