साडेनऊ गुणांचा काळा रंग

त्या शनिवारी मी ठरवलं की सिनेमा संपेपर्यंत "जपून" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बस, एवढंच ठरवलं होतं. पुढचं सगळं या एका निश्चयातून झालं. एरवी मी घरात काही घडूच देत नाही.

"जपून" हा माझा शब्द. बोनी पायरी उतरली की जपून, बोनीने केळं सोललं की जपून, बोनी झोपलेली असली तर दारातून हळूच जपून. (झोपेत माणूस कुठेही लोळू शकतं.) माझ्या सासूबाई ग्लेनिस म्हणतात, पोरीला तिसरं लागलं तरी आपलं नाव बोनी आहे की जपून, हे तिला नक्की ठाऊक नाही.

नवऱ्याचं वेगळं. जॅरड दिवसभर इथल्या साखर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो आणि घरी आला की टीव्हीसमोर बसून चित्र तपासतो. सिनेमा पाहतो असं नाही, चित्र तपासतो. आमच्या या ऑस्ट्रेलियातल्या गावात, बंडाबर्गमध्ये, अशा लोकांचा एक क्लब आहे. नायिका मरायला टेकली तरी ही मंडळी म्हणतात, "कडा स्वच्छ आहेत." क्लबचं एक मासिक निघतं. त्यात कौटुंबिक सिनेमांच्या डिस्कना गुण देण्याचं सदर नेव्हिल पास्क वर्षानुवर्षं लिहीत आले. आता त्यांचे डोळे थकले होते आणि सदर कुणाला तरी द्यायचं होतं, जॅरडला नाहीतर क्लबमधल्या वॉरिकला. वॉरिकच्या घरी जाऊन ते चित्र बघून आले होते. शनिवारी आमच्याकडे यायचे होते.

जॅरडने या सदराची वाट लग्नाच्या आधीपासून पाहिलेली. (लग्नाची एवढी पाहिली नव्हती.)

मागे एकदा क्लब आमच्याकडे जमला तेव्हा मी सिनेमातल्या पोराला इतक्यांदा "जपून" म्हटलं, की मंडळी टीव्ही सोडून माझ्याकडे बघत बसली. त्यामुळे आदल्या दिवशी जॅरड जवळ येऊन बसला.

"रेनी, एक दुपार. एक दुपार काळजी करू नकोस."

"करीन, पण बोलणार नाही."

"एवढं चालेल."

शनिवारी खोलीत मिट्ट अंधार हवा म्हणून जॅरडने खिडक्यांचे पडदे काढले आणि जाड घोंगड्या चिकटवल्या. ते पडदे मी लग्न होऊन आल्यापासून कुणी हलवलेले नव्हते. गोळा करून त्याने ते टीव्हीशेजारी कोपऱ्यात टाकले. बाहेर ऊन असं, की पत्रा तडतडत होता. आत आम्ही घोंगड्यांत.

नेव्हिल आले. उंच, वाळके, गळ्यात दोन चष्मे. बोनीला मी मांडीवर घेतलं आणि ओट्सच्या बिस्किटांचा डबा शेजारी ठेवला. सासूबाई स्वयंपाकघरात केक कापत होत्या. त्यांना असल्या अंधारात बसायचं नव्हतं. "मला खुराड्यातली कोंबडी झाल्यासारखं वाटतं," म्हणाल्या.

सिनेमा साधाच. एका मुलीचं कोकरू हरवतं, ती ते शोधायला बर्फाचा डोंगर ओलांडते. नेव्हिलची पद्धत अशी की आधी जुनी, साधी डिस्क लावायची, एखादं दृश्य थांबवायचं, नीट बघायचं. मग नवी अल्ट्रा एचडी डिस्क लावून तेच दृश्य तिथेच थांबवायचं. जुन्यात न दिसलेलं नव्यात काय दिसतं, त्यावर गुण.

जुनी डिस्क मला फार आवडली. सगळं कसं मऊमऊ, कुठे काही टोचेल असं नाही. मुलगी गोठ्यात झोपते, मागे फळ्यांची भिंत, कंदिलाचा उजेड. तिथे जॅरडने चित्र थांबवलं. भिंत होती. भिंतीवर काही नव्हतं.

मग नवी लावली आणि माझे हाल सुरू झाले. कुंपणाचा गंजका खिळा दिसू लागला. तिसरी फळी सैल होती, ती दिसली. मुलीच्या बुटाची नाडी सुटलेली. कंदील गवताच्या इतका जवळ की त्या पोरीच्या आईला मी दोन शब्द सुनावले असते. प्रत्येक वेळी "ज" ओठांवर आला आणि मी तो गिळला. उशीचा कोपरा दातांत धरला. (तो पुढे मला शिवावा लागला.)

जॅरडने गोठ्याच्या दृश्यावर चित्र थांबवलं. फळ्यांच्या भिंतीवर, मुलीच्या डोक्यापासून वीतभर वर, तळहाताएवढा कोळी बसला होता.

कोळी म्हटलं की मी एरवी खुर्चीवर असते. पण शब्द दिला होता.

"आई," बोनी हळूच म्हणाली, "जपून."

माझीच शिकवण माझ्याच मांडीवर बसून मला बुडवणार. मी चटकन तिच्या तोंडात बिस्किट दिलं.

नेव्हिल पुढे सरकले. एक चष्मा काढून दुसरा लावला.

"जॅरड," ते म्हणाले, "जुन्यात हा होता का रे?"

"नव्हता. मी नीट पाहिलं होतं."

"होता रे बाबा, असणारच. अंधारात बुडाला होता. आणि आता बघ. हा काळा बघ. चाळीस वर्षांत असा काळा पाहिला नाही मी."

"पाय अगदी सुटे सुटे दिसतात," जॅरड म्हणाला. सदर त्याला समोर दिसत होतं.

"पायावरची लव दिसते," नेव्हिल म्हणाले. "वॉरिककडे यातलं काही नव्हतं. तिथे तर समुद्रसुद्धा चिखलासारखा दिसला."

तेव्हा माझ्या मनात आलं की गप्प बसणं हे तर काहीच नाही. आपल्या नवऱ्याच्या चित्राला आपणही हातभार लावावा. काळजी करणारी आई म्हणून मला सगळं गाव ओळखतं. बघू देत आज. मी उठले, बोनीला कडेवर घेऊन टीव्हीपाशी गेले आणि तिचं बोट हातात धरलं.

"चल, पाय मोजू. एक, दोन..."

"नको," बोनी म्हणाली आणि हात मागे ओढू लागली.

"घाबरायचं नाही. चित्र आहे ते. तीन, चार..."

बोट आणि कोळी यांच्यामध्ये कागद सरकेल एवढीच जागा होती. पाचव्या पायाला तो पाय उचलला गेला आणि पुन्हा टेकला.

"थांबवलेलं चित्र जरा थरथरतंय," मागून नेव्हिल म्हणाले. "अर्धा गुण कापावा लागेल."

"योग्य आहे," जॅरड म्हणाला.

मी आठ पाय मोजून जागेवर येऊन बसले. इतका अभिमान मला बोनी झाली तेव्हाही वाटला नव्हता. नेव्हिलनी कागदावर मोठ्या अक्षरांत साडेनऊ लिहिलं. "हं, चालू दे."

जॅरडने बटण दाबलं. गोठा गेला. पांढरा स्वच्छ बर्फ आला, मैलोन्‌मैल. आणि बर्फाच्या मध्यभागी कोळी.

"दिग्दर्शकाला काहीतरी सुचवायचं असेल," नेव्हिल म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता.

कोळी बर्फावरून चालत निघाला. मुलीच्या चेहऱ्यावरून गेला, टीव्हीच्या कडेवरून उतरला आणि आमच्या भिंतीवर आला. तेवढ्यात सासूबाई केक घेऊन आल्या आणि त्यांनी दिवा लावला.

नेव्हिल सोफ्यावर उभे होते. जॅरड सोफ्याच्या पाठीवर. मी कुठे होते ते मला आठवत नाही. सासूबाई सांगतात, जेवणाच्या टेबलावर.

"अरे, हा तर आपल्या खिडकीच्या पडद्यातला हंट्समन कोळी," सासूबाई म्हणाल्या. "बिचाऱ्याचं घर कुणी मोडलं? चावत नाही तो, झुरळं खातो. नेव्हिल, तुम्ही बूट तरी काढा."

बिस्किटांचा डबा रिकामा करून त्यांनी तो कोळ्यावर पालथा घातला, खालून गुणांचा कागद सरकवला आणि साडेनऊसकट त्याला आंब्याच्या झाडाखाली सोडून आल्या.

"पाय मोजत होतीस म्हणे," परत येऊन त्या मला म्हणाल्या. "पोरीचं बोट धरून."

मी टेबलावरून उतरले आणि केकच्या बशा मांडायला लागले.

नेव्हिलनी बराच वेळ केक खाल्ला. मग जॅरडला म्हणाले, "हे बघ, ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नसेल, तर सदर तुझं."

"कुठेच जाणार नाही," जॅरडने शब्द दिला. (म्हणून मी फक्त तुम्हालाच सांगते आहे.)

संध्याकाळी बोनीला आंघोळ घालताना मला राहवलं नाही.

"बोने, तो खरा कोळी आहे हे तुला कळलं होतं का?"

"हो."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं. तू बिस्किट दिलंस."

मग तिने जरा विचार केला, माझ्याकडे बघून "जपून" म्हणाली, आणि ओला हात पुढे केला.