दिल्ली-चेन्नईच्या मधातला माणूस

दिल्लीहून चेन्नई विमानाने किती लांब, हे तुम्ही विचारलं असेल. पण त्या दोन शहरांच्या मध्ये, खाली जमिनीवर कोण राहतं, हे कधी विचारलंत का?

आमच्या शेजारचे मारोतीभाऊ दुसरं काही विचारतच नाहीत. धंदा तलावातल्या मासेमारीचा. सकाळी मासळी मोहर्लीच्या ढाब्यावर पोचवायची आणि तिथे वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांना गाठायचं.

"विमानानं आले का, साहेब?"

पाहुणा आपल्या शहराचं कौतुक सुरू करतो. भाऊ हात वर करतात.

"टोकं राहू द्या. मधातलं सांगा."

स्वतः भाऊ कधी विमानात बसलेले नाहीत. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर त्यांनी जाळं विणायचा धागा ताणला, दिल्ली ते चेन्नई, आणि विमान आपल्याच तलावावरून जातं असा निकाल दिला.

मी म्हटलं, "भाऊ, धागा जाड आहे. त्याखाली अख्खा चंद्रपूर जिल्हा झाकला जातो."

"मंग मी का सांगून राह्यलो? आपण झाकल्याच गेलो ना!"

मी गावापुरतं एक छोटं पत्रक काढतो, त्यात हे वाक्य छापलं. भाऊंनी त्याच पत्रकात मला मासळी बांधून दिली.

एखादा दयाळू पाहुणा म्हणतो, "हो हो, दिसला तुमचा तलाव!"

"पाळ कोन्या अंगाले होती?"

तलावाचा बांध कुठल्या बाजूला, हे पाहुण्याला कुठून ठाऊक? तो चहाच्या कपात बघतो.

"नाई दिसला तं नाई म्हना. लाजता काऊन?"

हे सगळं सुरू झालं या उन्हाळ्यात. भाऊंची लेक सुनीता दिल्लीत नर्स आहे. तिला प्रशिक्षणासाठी चेन्नईला पाठवलं. मध्ये घरी यायला रजा मिळाली नाही. "बाबा, वरून पाहीन," म्हणाली. त्या सकाळी भाऊंनी दोन धोतरं जोडून तलावाच्या पाळीवर पसरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि मान वर करून उभे राहिले. सोबत मीही होतो. एक विमान गेलं, अगदी बारीक. तेच होतं का, देव जाणे.

दुपारी फोन आला. सुनीता रडत होती.

"बाबा, रातपाळी करून निघाली होती मी. डोळा लागला. उठली तं चेन्नई आलं."

"रडतं कायले, बाई? लहानपणी तलावात डोंग्यात माह्यासमोर झोपतच होती ना. आज माह्यावरून झोपून गेली."

फोन ठेवून भाऊ धोतरांची घडी घालू लागले. मग हळूच म्हणाले, "जागी असती तं दिसलं असतं का गा?"

 तेव्हापासून ते पाहुण्यांना विचारत सुटले आहेत, आणि रोज सकाळी धोतरं पसरतात. सुनीता आता दिल्लीला परतणार आहे. रजा अजूनही नाही.

म्हणून एक विनंती. या वाटेने उडालात तर मध्यावर खिडकीची झडप वर करा. खाली बघा. मोहर्लीला आलात की भाऊंना खरं काय ते सांगा. दिसलं नसेल तर तेही सांगा. तिसरं धोतर जोडायचं का, ते त्यांना ठरवायचं आहे.