गिरणीपासून पुढे लंगडणारा सुदाम

सुदाम फक्त आमच्या गल्लीत लंगडायचा. मावला या आमच्या गावच्या बसथांब्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत धडधाकट, आणि गिरणी ओलांडली की एक पाय ओढत, चप्पल घासत घरी. सकाळी उलटं. घरातून लंगडत निघायचा, गिरणीशी पोचला की पाय बरा. बरं, पायही ठरलेला नाही. सोमवारी डावा, तर मंगळवारी उजवा. गल्लीतले लोक म्हणायचे, बह्याड हाय, पुरा येडा.

मी त्याचा शेजारी, आणि बाजारहत्नूरच्या मंडल दफ्तरात, म्हणजे इकडच्या तहसील कचेरीत, त्याच्याच बाजूच्या टेबलावर कारकून. म्हणजे दिवसातले दहा तास हा माणूस माझ्या नशिबी. त्याआधी सात वर्षं तो हैदराबादला एका सरकारी खात्याच्या फुटबॉल संघात लेफ्ट आउट होता. नोकरी कागदावर कारकुनाची, पगार खेळायचा. मैदानाची डावी कड धरून पळायचं आणि चेंडू मधल्या गड्याकडे द्यायचा. गोल मारणार तो, टाळ्या त्याला. मग गुडघा गेला म्हणून परत आला, असं सुदाम सगळ्यांना सांगायचा.

कड मात्र सुटली नव्हती. रस्त्यानं चालला तर नालीच्या काठानं, पंगतीत बसला तर शेवटच्या पानावर. दफ्तरात एखादा शेतकरी पहाणीच्या, म्हणजे सातबाऱ्याच्या, नकलेसाठी साहेबांच्या दारापुढच्या गर्दीत अडकला की सुदाम त्याला हळूच बाजूला घ्यायचा. "मंधात गर्दी हाय बाप्पा. कडेनं जा, आत सरकव." म्हणजे मागच्या दारानं शिपायाकडे जा, कागद त्याच्या हाती दे. नक्कल निघायची. शेतकरी शिपायाला हात जोडून जायचा, सुदामकडे बघायचाही नाही. माझा जीव जळायचा.

"अरे, काम तू केलं आन् नमस्कार त्याले?"

"गोल त्याचा हाय ना," सुदाम म्हणायचा आणि पुढच्या कागदांची मिसल ओढायचा.

असा सरळ माणूस लंगडायचं सोंग काऊन करतो, ते मला कळेना. आणि मला एखादी गोष्ट कळली नाही की अन्न गोड लागत नाही. शेवटी एकदा परतीच्या बसमध्ये विचारलंच.

"मायसाठी," म्हणाला.

त्याची माय अंजनाबाई. नवरा लवकर गेला, तेव्हा लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं हा एकुलता एक पोरगा वाढवला. तिला लांबचं दिसत नसे. सुदामनं तिला मोठ्या हौसेनं एकदाच मॅच बघायला हैदराबादला नेलं आणि डाव्या कडेला, अगदी रेषेलगत खुर्ची टाकून बसवलं. तो पळाला की तिच्या पुढ्यातून. पण अर्धा खेळ झाला की दोन्ही संघ मैदानाची टोकं बदलतात. सुदामची डावी कड आता पार पलीकडच्या अंगाला गेली. तिथून मायला तो दिसणार नव्हता.

"मंग?"

"मंग मी गेलोच नाई. मायच्या पुढंच पळत राह्यलो."

कोच ओरडून ओरडून थकला, "अरे लेफ्ट को जा रे!" तिकडे चेंडू येत होते आणि घ्यायला माणूस नव्हता. त्या रिकाम्या बाजूनंच दोन गोल झाले, मॅच गेली. कोचनं विचारलं, असं काऊन केलं? सुदाम मायचं नाव घेईना. कोचला वाटलं, हा समोरच्यांना फितूर झाला. संघातून नाव कमी झालं ते कायमचं.

"तिच्यापायी खेळ गेला हे मायले समजलं तर ती घास गिळणार नाई. म्हून गुडघा सांगतला. तू बोलजो नको."

मी त्याची टर उडवायच्या तयारीत होतो. पण मावल्याला उतरून गिरणी ओलांडली, त्याची चप्पल घासू लागली, तेव्हा मीही चाल हळू केली.

पुढे एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. सुदाम कपडे बदलायला आत गेला. अंजनामावशी तिळाच्या तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसली. रोज ती त्याचा गुडघा चोळून द्यायची.

"पाय धड हाय त्याचा," ती हळूच म्हणाली. "जिंदगीभर कापूस वेचला म्या. या बोटायले गुडघा समजत नाई का?"

मी चपापलो. "मंग चोळता कायले, मावशी?"

"मी इकडं एकटी पडली म्हून खेळ सोडून आला तो. तसं बोलला तर मले वाईट वाटंल, म्हून लंगडते बिचारा. आता मी म्हटलं पाय बरा हाय, तर रोज असा जवळ बसन का? तू त्याले बोलजो नको."

म्हणजे दोन्हीकडची शपथ माझ्याच गळ्यात. मी मान हलवली.

"एकच खेळ पाह्यला म्या त्याचा," वाटीत बोट फिरवत ती म्हणाली. "पण काय खेळला! साऱ्या खेळात माह्या नजरेआड झाला नाई. खरं सांग, इतका चांगला गडी कोणी काढला असता का? माह्यासाठीच सोडला त्यानं."

"हो मावशी," मी म्हटलं. "लई चांगला खेळला तो."

सुदाम लंगडत बाहेर आला. सकाळी डावा होता, आता उजवा. तो तिच्याजवळ बसला, आणि त्यानं पुढे केला तो पाय तिनं मांडीवर घेतला.