डाळिंबी अंगरख्याची अळी

पत्राचं उत्तर टाळण्यात शंकाकाकांचा हात कोणी धरला नसता. पण संग्रहालयातल्या बाईंचं पत्र त्यांनी जसं टाळलं, तसं दुसरं कुठलंच टाळलं नव्हतं. आठ महिने ते जाड शब्दकोशात दाबून ठेवलेलं होतं, आणि काका त्या शब्दकोशाला वळसा घालून जात.

बाईंनी लिहिलं होतं : "तुम्ही पाठवलेला पतंग तपासला. हा लोकर खाणाऱ्या कसरीच्या घराण्यातला आहे, पण ही जात आजवर कोणी नोंदवलेली नाही. वर्णन लिहिण्याचा मान तुमचा. एकच अडचण आहे. याची अळी स्वतःभोवती नळीसारखा अंगरखा विणते. तुम्ही पाठवलेला अंगरखा तांबडा आहे, वर निळा पट्टा. हा रंग अळीचा स्वतःचा, की खाल्लेल्या लोकरीचा? ती काय खात होती, ते कळवावं."

ती काय खात होती, ते काकांना पक्कं ठाऊक होतं. काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी विणलेला, निळ्या पट्ट्याचा डाळिंबी स्वेटर खात होती.

काकांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या मजकुराच्या समासात प्रश्नचिन्हं काढता काढता त्यांचंच नाव शंकाकाका पडलं. स्वतःची म्हणून एक ओळ त्यांनी कधी छापायला दिली नव्हती. कुणी सांगावं, चूक निघाली तर? आणि तो स्वेटर त्यांनी कधी घातला नव्हता, कारण त्याचा गळा असा होता की डोकं बाहेर आलं तरी कान आतच राहत.

एका संध्याकाळी, खिडकीतला उजेड दुधात पाणी घालावं तसा पातळ होत असताना, कपाटातल्या त्या स्वेटरातून एक इवलासा पतंग उठला होता. वाळूच्या रंगाचा, पंखांच्या कडेला चांदीची धूळ. एरवी पतंग दिव्यावर झेप घेतात. काकांनी दिवा लावला, तर हा संकोचून पुस्तकांच्या मागे सरकला. काकांना तो एकदम आपल्यातलाच वाटला. त्यांनी स्वेटर बुटांच्या खोक्यात घातला, खोकं पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं, आणि अळ्यांना सुखाने जेवू दिलं. संध्याकाळच्या संध्याकाळी ते स्टुलावर चढून खोक्यात बघत बसत. आत कुणीतरी अगदी हळू विणतं आहे, असं वाटे.

मग बाईंचं दुसरं पत्र आलं. "महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. उत्तर आलं नाही, तर तुमचा पतंग 'अनोळखी' लिहिलेल्या पेटीत जाईल. त्या पेटीतून सहसा कोणी बाहेर येत नाही."

काकांनी छाती पुढे काढली. "आज बसतो," ते आरशाला म्हणाले, "आणि चहा निवायच्या आत वर्णन लिहून मोकळा होतो."

चहा आला, तो काकूंसकट.

"अहो, थंडी पडली. तो डाळिंबी स्वेटर कुठंय?"

"लाँड्रीत," काका म्हणाले. हा शब्द तोंडातून कसा निघाला, ते त्यांनाही कळलं नाही.

काकू तडक लाँड्रीत गेल्या. लाँड्रीवाल्याने पंचवीस वर्षांत कुणाचा रुमालही हरवला नव्हता. त्याने दुकान उलटंपालटं केलं. संध्याकाळी तो दारात उभा, हातात कुणी न नेलेला पोपटी स्वेटर.

"काकू, हा तर नव्हे?"

"हा पोपटी आहे."

"राहू द्या रात्रभर. बघा आठवतंय का."

दुसऱ्या दिवशी पिवळा आला. मग जांभळा. काकू "हा नव्हे" म्हणत, तो मान खाली घालून जाई, आणि काका कपाटामागे चोरासारखे उभे राहत. पण प्रत्येक स्वेटराच्या शिवणीतला आतला एक धागा ते हळूच ओढून घेत आणि खोक्यात ठेवत. पंधरा दिवसांत अळ्यांच्या डाळिंबी अंगरख्यांवर पोपटी पट्टा चढला, मग पिवळा, मग जांभळा. जसं खाणं, तसा रंग! बाईंच्या प्रश्नाचं उत्तर बिनचूक मिळालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काकांना कसलीच शंका उरली नव्हती, आणि स्वेटराचं बिंग फुटल्याशिवाय ते सांगायची सोय नव्हती.

महिना संपायला दोन दिवस होते. लाँड्रीवाला रिकाम्या हातांनी आला.

"काकू, माफी मागायला आलोय. दुकान जावयाच्या हवाली करतो. लोकांचे कपडे आठवेनासे झाले, म्हणजे आपलं काम संपलं."

काका कपाटामागून बाहेर आले. खोकं मेजावर ठेवलं आणि झाकण काढलं. स्वेटराच्या जागी आता नुसता गळा आणि बाह्यांची आठवण उरली होती.

"तुझ्याकडे कधी आलाच नव्हता तो," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

लाँड्रीवाला खोक्यावर वाकला. "अहो, हा पोपटी, हा पिवळा... माझी सगळी गिऱ्हाइकं या अळीच्या अंगावर आहेत की!" आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो पोट धरून हसला.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकांचं भिंग घेतलं आणि बराच वेळ एका अळीकडे बघत राहिल्या. खिडकीतून शेवटचा उजेड त्यांच्या बोटांवर पडला होता.

"टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत," त्या म्हणाल्या. मग, "कुणीतरी तो मनापासून अंगावर घातला म्हणायचा."

काकांनी शब्दकोशातून बाईंचं पत्र काढलं.

"लिहा आता. मी समोर बसते."

त्यांनी लिहिलं. काकूंनी वाचलं, आणि जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासणाऱ्याचं मुद्रित पेन्सिलीने तपासलं. "तांबडा नाही, डाळिंबी." दुरुस्ती झाली. "आणि हे काय? अळीचं खाद्य : जुनी लोकर?"

"चाळीस वर्षांपूर्वीची आहे ना."

"एकदा तरी अंगाला लागली का?"

काकांनी 'जुनी' खोडलं. काकूंनी सांगितलं तसं लिहिलं, आणि दोघं मिळून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेली. काकांचा हात पेटीच्या तोंडाशी सवयीने अडखळला, तेव्हा काकूंनी कोपराने ढोसलं, आणि पत्र आत पडलं :

"अळीचं खाद्य : हाताने विणलेली लोकर, कोरी. रंग खाल्लेल्या लोकरीचा. उशीर मात्र सर्वस्वी माझा."