रजेचं कारण : फुटबॉल

फडतऱ्यांच्या रजेच्या अर्जात कारणाच्या जागी एकच शब्द होता : फुटबॉल.

वडूजच्या आमच्या सरकारी कार्यालयात रजेचं रजिस्टर माझ्याकडे असे. त्यामुळे माणसं रजा कशी मागतात हे मला पाठ होतं. कुणाची आई आजारी पडे, कुणाच्या मेहुणीचं लग्न निघे. एका कारकुनाची एकच आजी मी दोनदा वारलेली नोंदवली आहे. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मीच म्हटलं, "आता आजोबांना घ्या." त्याने घेतले, रजा मंजूर झाली. कागदावर रीतसर कारण आलं की खरंखोटं कुणी बघत नसे. फुटबॉल मात्र या रजिस्टरात कधी आला नव्हता.

दिनकर फडतरे पलटणीतून निवृत्त होऊन आमच्याकडे आवक-जावकच्या टेबलावर आले होते. लग्न केलेलं नव्हतं. औंधजवळ आईबरोबर राहत आणि रोज एसटीने येत. टपाल घ्यायचं तरी एक पाय पुढे टाकून घेत, जणू समोरचा पास देणार आहे. साहेबांच्या टेबलावर फाईल अडकली की म्हणत, "गोलकीपरनं धरून ठेवलीया." आणि कुणी पाल्हाळ लावलं की त्यांचा ठरलेला प्रश्न येई, "बॉल कुठं हाय?" एकदा साहेब अर्धा तास शिस्तीवर बोलले आणि शेवटी म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" मागून आवाज आला, "साहेब, ह्यात बॉल कुठं हाय?"

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये अर्जेंटिनात विश्वचषक होणार होता. फडतऱ्यांच्या कपाटाच्या दाराला आतून त्याचा तक्ता लागला फेब्रुवारीतच. सोळा देश, चार गट, सगळं लाल-निळ्या शाईत आखलेलं. आखणी इतकी चोख होती की मासिक विवरण आखायची माझी पट्टी मी त्यांना देऊन टाकली.

लेखा शाखेचे शिंदे कुस्तीचे शौकीन. ते रोज छेडायचे.

"फडतरे, आपला देश तिथं न्हाईच. मग तुमी कशाला नाचताय?"

"आपल्या रानात पाऊस न्हाई म्हून ढगाकडं बघू नये व्हय रं?"

"आवं, कुस्ती दोघांत मिटती. तुमाला बावीस माणसं लागत्यात."

"तुमी माणूस पाडताय गड्या. आमच्यात पडल्याला हात दिऊन उठिवत्यात."

"बरं, तुमचा देश कंचा?"

"इराण. आशियातनं एकटा आलाय, त्योबी पयल्यांदाच. त्याच्या मागं कुणीतरी उभं ऱ्हायला नको?"

मार्चमध्ये पंचवीस दिवसांच्या रजेचा तो अर्ज आला. साहेबांनी त्यांना बोलावलं. रजिस्टर घेऊन मी तिथेच उभी होते.

"फडतरे, हे कारण चालणार नाही. आई आजारी आहे असं लिहा, आत्ता सही करतो."

"आई ठणठणीत हाय, साहेब. तिला कशाला आजारी पाडू?"

"मग घरगुती कारण लिहा."

"फुटबॉल घरात खेळत न्हाईत."

साहेबांनी अर्ज नामंजूर केला. दुसऱ्या आठवड्यात फडतऱ्यांनी पुन्हा तोच दिला. तोही परत आला. तिसऱ्या अर्जात त्यांनी खुलासा जोडला : तिथली दुपार म्हणजे आपली रात्र, सबब रात्री रेडिओ ऐकणे. साहेब भडकले. "म्हणजे सरकारने यांना दिवसा झोपायला रजा द्यायची?" असं म्हणून शनिवारी त्यांनी अर्जावर लाल शाईने काट मारली.

मला अर्धवट प्रकरण टेबलावर राहिलेलं खपत नाही. रविवारी औंधला यमाईची ओटी भरायची होतीच. परतीच्या एसटीला दोन तास होते. म्हटलं, फडतऱ्यांना गाठावं, 'घरगुती' एवढा एक शब्द लिहून घ्यावा आणि विषय संपवावा.

त्यांच्या आईने मला शेजारच्या अंगणाकडे पाठवलं. तिथे सारवलेल्या जमिनीवर खडूने मैदान आखलेलं होतं. एका बाजूला फडतरे, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच वयाचा एक दांडगा माणूस, दोघेही उकिडवे बसलेले. मध्ये चिंचोके. अकरा काळे, अकरा सोललेले पांढरे, आणि बॉल म्हणून एक ज्वारीचा दाणा. फडतरे एकेक चिंचोका सरकवत होते. समोरचा माणूस श्वास रोखून बघत होता. दाणा गोलाजवळ आला तसा त्याने पंजा असा झोकला, की मी दोन पावलं मागे सरले.

"ह्यो शंकर," फडतरे उठून म्हणाले. "आमच्या पलटणीचा गोलकीपर. तोफेपाशी राहून राहून दोन्ही कान गेलं. लय जोरात बोललं तरी काय ऐकू येत न्हाई."

रेडिओ खाली गावात नीट लागत नसे. आत्ता चालला होता तो सराव; जूनमध्ये फडतरे रात्री यमाईच्या डोंगरावर जाऊन सामना ऐकणार, वहीत टिपणार आणि सकाळी इथे येऊन तो पहिल्यापासून चिंचोक्यांनी खेळून दाखवणार होते.

"निकाल आधी सांगायचा न्हाई," ते म्हणाले. "दाणा आत गेला की गोल. ह्याचं ह्यालाच कळतंय. एका सामन्याला सकाळ जाती, बाई. कवा कवा ह्यो मधीच थांबिवतोय, परत खेळ म्हंतोय."

"अहो, मग हेच का नाही लिहिलंत? साहेबांनी एका मिनिटात सही केली असती!"

"काय लिहू? बहिऱ्या मित्राची सोय? अर्ज चार टेबलांवरनं जाणार. चार जण 'अरेरे' म्हणणार." त्यांचा आवाज चढला. "ह्यानं एका सामन्यात तीन पेनल्टी अडिवल्यात, बाई. ह्याला मी दयेच्या रकान्यात बसवणार न्हाई. रजा न्हाई तर न्हाई मिळाली. कारण फुटबॉलच हाय."

शंकरराव आमच्या तोंडांकडे बघत होते. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे ते एकदम मोठ्याने म्हणाले, "ऑफिसातल्या बाई का रं? रजा मिळाली?"

आईला कागदावरसुद्धा आजारी न पाडणाऱ्या त्या माणसाने मित्राकडे बघितलं आणि ठामपणे मान हलवली. मिळाली.

शंकररावांनी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले आणि चिंचोके पुन्हा मांडायला घेतले. फडतरे माझ्याकडे बघेनात.  मी चहा घेतला आणि एसटी पकडली.

सोमवारी साहेब आले तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर होते. रात्री टिपण तयार केलं होतं. रजा शिल्लक आहे. अर्ज तीन महिने आधी आला आहे. जूनमध्ये आवक-जावकचं टेबल मी सांभाळेन. अंगणातलं एक अक्षरही त्यात नव्हतं.

साहेबांनी वाचलं. "आणि कारण?"

"अर्जात आहे."

"बाई, तुम्हीसुद्धा? फुटबॉल हे काय कारण झालं?"

"आपण मंजूर केलेल्या आज्यांपेक्षा खरं आहे, साहेब."

साहेबांनी टिपण बाजूला सारलं. "बरं, ठेवा. बघतो सवडीने."

"मी थांबते."

"मग बसा तरी."

"सही झाल्यावर बसते," मी म्हटलं.

दोनेक मिनिटांनी मी बसले.